मशीन्स लॅबचा चार्ज घेताय? आधी काय जळू द्यायचं ते ठरवा

इंजिनिअरिंग कॉलेजात नव्याने लागलेल्या प्राध्यापकाला एचओडी (विभागप्रमुख) एक दिवस सहज सांगतात, "मशीन्स लॅबचे इनचार्ज आता तुम्ही." किल्ल्यांचा जुडगा मिळतो, कडा झिजलेलं डेडस्टॉक रजिस्टर (लॅबमधल्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही) मिळतं. मोटर, ट्रान्सफॉर्मर यांच्यावर प्रयोग करायची ही लॅब चालवायची कशी, हे एम.टेक.ला कुणी शिकवलेलं नसतं. मी प्राध्यापक नाही. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून तांत्रिक सहायक म्हणून लागले, आणि सांगली भागातल्या एका कॉलेजात मशीन्स लॅब सांभाळते. इनचार्ज बदलत राहतात. मी आणि आमचे शिपाई मामा तिथेच असतो. तेव्हा हे नवीन इनचार्जसाठी, आणि माझ्यासारख्या नवीन लागलेल्या सहायकांसाठीही.

सगळ्यात आधी एक गोष्ट मान्य करून टाका. सेकंड इयरची मुलं चुकीचं कनेक्शन करणारच. ती इथे चुकली नाहीत तर पुढे कारखान्याच्या पॅनेलवर चुकतील. म्हणून चूक होऊच नये असा बंदोबस्त करत बसू नका. चूक झाली की काय जळणार, एवढं आपल्या हातात असतं. काचेचा फ्यूज जळला तर काही रुपये जातात. आर्मेचर (मशीनचा तारा गुंडाळलेला, फिरणारा भाग) जळलं तर रिवाइंडिंगवाल्याकडे मशीन पाठवा, कोटेशन मागवा, सही घ्या, आणि तोवर अर्धी टर्म संपलेली असते. स्वस्त वस्तू महागाच्या आधी जळेल अशी मांडणी करणं, हेच या लॅबमधलं निम्मं काम आहे.

चार्ज घेताना

रजिस्टरवर सही करण्याआधी वस्तू मोजा. आधीचे इनचार्ज घाईत असतात, "सगळं आहे हो, करा सही" म्हणतात. करू नका. रजिस्टरमधला प्रत्येक अँमीटर, व्होल्टमीटर, वॅटमीटर, ऱ्होस्टॅट (सरकवून कमीजास्त करता येणारा रेझिस्टन्स) हातात घ्या, डेडस्टॉक नंबर जुळवा. नंबर पुसला असेल तर तिथेच ऑइल पेंटने परत टाका. जे सापडत नाही त्याची यादी दोघांच्या सहीने एचओडींकडे द्या. बंद पडलेल्या मीटरांसाठी कपाटाचा एक वेगळा कप्पा करा आणि वर्षातून एकदा निर्लेखनाचा (वस्तू नोंदीतून काढून टाकायचा) प्रस्ताव पाठवा. बंद मीटर चालूंमध्ये मिसळलेले असले की प्रत्येक बॅचला दहा मिनिटं चालू मीटर शोधण्यात जातात.

मग नेमप्लेट वाचा. प्रत्येक मशीनची. किलोवॅट किंवा एचपी, व्होल्ट, अँपिअर, आरपीएम, एक्सायटेशन. आमच्याकडे किर्लोस्करची काही जुनी मशीनं आहेत, त्यांच्या प्लेटवर रंगाचे इतके थर होते की आकडे दिसत नव्हते. थिनरने पुसून घेतले आणि प्रत्येक मशीनशेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावले. मुलं आता "फुल लोड करंट किती?" असं मला विचारत नाहीत, भिंतीकडे बघतात.

फ्यूज, एमसीबी आणि डीसीची भानगड

आपल्याकडे बऱ्याच लॅबमध्ये डीसीच्या पॅनेलवर एसीचे एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच) बसवलेले दिसतात, कारण दुकानात तेच सहज मिळतात. एसीचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यातून जातो, त्यामुळे कॉन्टॅक्ट उघडले की ठिणगी आपोआप विझायला मदत होते. डीसीला शून्य नसतंच. २२० व्होल्ट डीसीवर ती ठिणगी ताणली जाते, एमसीबी आतून जळतो, क्वचित कॉन्टॅक्ट चिकटूनही बसतात. डीसीसाठी डीसीचाच एमसीबी मागवा आणि मागणीपत्रात तसं स्पष्ट लिहा. "एमसीबी, १६ अँपिअर" एवढंच लिहिलंत तर एसीचाच येणार.

सिंगल फेजच्या टेबलांना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की सप्लाय तोडणारा स्विच) हवा, आणि त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं. ते मामांनी करायचं की तुम्ही, हे ठरवून टाका. दोघांनीही करायचं ठरलं की कुणीच करत नाही. इमर्जन्सीचं लाल बटण दारापाशी आणि फळ्यापाशी, दोन्हीकडे असावं. बॅचच्या पहिल्या प्रॅक्टिकलला प्रत्येक विद्यार्थ्याकडून ते एकदा दाबून घ्या. बटण ठाऊक असणं वेगळं, आणि हाताला सवय असणं वेगळं.

प्रयोगाच्या फ्यूजचा हिशोब जुन्या मॅन्युअलमध्ये असतो तो अजूनही चांगला आहे: लोड टेस्टला फुल लोड करंटच्या १२० टक्क्यांच्या आसपास, नो-लोड टेस्टला फुल लोडच्या २० टक्क्यांच्या आसपास. दोन्हीसाठी एकच फ्यूज ठेवला की नो-लोडमधली चूक फ्यूजला कळतच नाही, आणि मग अँमीटर किंवा वॅटमीटरची करंट कॉइल बळी जाते. फ्यूजची तार मामांच्या खिशात नको, लेबल लावलेल्या डब्यात हवी. तांब्याच्या केबलचा एखादा धागा फ्यूजमध्ये गुंडाळलेला दिसला तर तो काढून टाका आणि कुणी लावला याचा शोध घेत बसू नका.

ऱ्होस्टॅट आणि मीटर

माझ्या लॅबमध्ये सर्वात जास्त नुकसान ऱ्होस्टॅटच्या अदलाबदलीने व्हायचं. शंट मोटरच्या (फील्ड, म्हणजे चुंबकत्व तयार करणारी कॉइल, आर्मेचरला समांतर असलेली डीसी मोटर) स्पीड कंट्रोलला दोन लागतात. आर्मेचरला कमी ओहमचा, जास्त अँपिअरचा. फील्डला जास्त ओहमचा, कमी अँपिअरचा. दोन्ही दिसायला सारखेच, लांबट, राखाडी. आर्मेचरच्या जागी फील्डचा लागला की त्याची तार लाल होते आणि वास आधी मामांना येतो. उपाय एकदम साधा निघाला: आर्मेचरच्या ऱ्होस्टॅटच्या दोन्ही बाजूंना लाल पट्टा, फील्डच्याला पिवळा, आणि दोघांची जागा वेगवेगळ्या फळीवर. शिवाय स्लायडरच्या पट्टीवर खूण: सुरू करताना आर्मेचरचा ऱ्होस्टॅट पूर्ण रेझिस्टन्सवर, फील्डचा शून्यावर.

ही खूण शोभेची नाही. फील्डचा रेझिस्टन्स जास्त असेल तर फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) कमी, आणि फ्लक्स कमी म्हणजे वेग जास्त. फील्डची लीड निसटून सर्किटच तुटलं आणि मशीनवर लोड नसलं तर मोटर पळत सुटते. थ्री पॉइंट स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल (हँडल धरून ठेवणारा विद्युतचुंबक) फील्डच्याच सिरीजमध्ये असते, त्यामुळे फील्ड तुटलं की हँडल आपोआप परत येतं. फोर पॉइंटमध्ये ती वेगळ्या मार्गाने जोडलेली असते, तिथे हे संरक्षण मिळत नाही. आपल्या टेबलावर कोणता स्टार्टर आहे हे म्हणून तुम्हाला पाठ हवं. फील्डच्या टर्मिनलला क्रोकोडाइल क्लिप चालणारच नाही. लग (केबलच्या टोकाला बसवायचं भोकाचं टर्मिनल) लावलेली केबल आणि नट आवळलेला. मोटर बंद करतानाही मेन स्विचने करायची. स्टार्टरचं हँडल हाताने मागे ओढू द्यायचं नाही, त्याचे स्टड ठिणगीने खराब होतात.

सिरीज मोटर बिनालोडची कधीच नाही, तीही पळत सुटते. तिच्या ब्रेक ड्रमवरचा पट्टा (तोच तिचा लोड) आधीपासून थोडा आवळलेला हवा, आणि मुलांच्या मागे मी स्वतः उभी राहते. इथे मी कुणावरही विसंबत नाही.

मीटरचं उलट. मीटर चुकीच्या रेंजवर लागू द्या, फक्त वरच्या रेंजवरून सुरुवात करायला लावा. काटा जेमतेम हलला की मुलं स्वतःच म्हणतात, "मॅडम, रेंज कमी करायची का?" तो प्रश्न सुचावा म्हणूनच प्रयोग आहे. एक अपवाद आहे: करंट ट्रान्सफॉर्मर (मोठा करंट लहान करून मीटरला देणारा) लावलेला असेल तर प्रायमरीतून प्रवाह चालू असताना त्याच्या सेकंडरीचा अँमीटर काढायचा नाही. उघड्या सेकंडरीवर धोकादायक व्होल्टेज तयार होतं. अँमीटर बदलायचाच असेल तर सप्लाय बंद, नाहीतर आधी सेकंडरी शॉर्ट. हे मी फळ्याच्या कोपऱ्यात कायमचं लिहून ठेवलंय, आणि फळा पुसणाऱ्यालाही तेवढं सोडून पुसायचं माहीत आहे.

मल्टिमीटरबद्दल जास्त बोलत नाही. लाल लीड १० अँपिअरच्या भोकात राहते आणि पुढचा गट तसाच व्होल्टेज मोजायला जातो. त्या भोकावर चिकटपट्टी लावा. करंट मोजायचा असेल तो विद्यार्थी पट्टी काढेल, आणि काढताना थोडा विचार करेल.

ट्रान्सफॉर्मरचं टेबल

ओपन सर्किट (दुसरी बाजू उघडी ठेवून) आणि शॉर्ट सर्किट (दुसरी बाजू शॉर्ट करून) टेस्ट एकाच दिवशी असतात, आणि घोळ दुसऱ्या टेस्टला होतो. १ केव्हीएचा २३०/११५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्या. ओपन सर्किटला लो व्होल्टेज बाजूला पूर्ण ११५ व्होल्ट द्यायचे असतात. शॉर्ट सर्किटला हाय व्होल्टेज बाजूने साधारण ४.३५ अँपिअर वाहेपर्यंतच व्होल्टेज वाढवायचं, आणि तेवढ्यासाठी २३० च्या पाच-दहा टक्केच लागतात. अर्ध्या तासापूर्वी डिमरस्टॅट (व्होल्टेज कमीजास्त करायचा) अर्ध्यापर्यंत फिरवलेला हात शॉर्ट सर्किटलाही तसाच फिरतो. आमच्या डिमरस्टॅटच्या तबकडीवर २५ व्होल्टला लाल रंगाची रेघ आहे, आणि शॉर्ट सर्किटच्या वेळी टेबलावर ५ अँपिअरचा फ्यूज असतोच. रेघ ओलांडली तर फ्यूज जातो, ट्रान्सफॉर्मर राहतो.

डिमरस्टॅट शून्यावर आहे म्हणजे त्याच्या आउटपुटला हात लावायला हरकत नाही, असं मुलांना वाटतं. तो ऑटोट्रान्सफॉर्मर आहे. आतमध्ये इनपुट-आउटपुट जोडलेलेच असतात. प्लगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असतील तर शून्यावरही दोन्ही टर्मिनल जमिनीच्या तुलनेत जिवंत असतात. टेस्टर लावून दाखवा. तोंडी सांगितलेलं टर्म संपेपर्यंतही राहत नाही.

ओपन सर्किटला एलपीएफ (लो पॉवर फॅक्टर) वॅटमीटर, शॉर्ट सर्किटला यूपीएफ (युनिटी पॉवर फॅक्टर). कपाटात ते शेजारी ठेवू नका.

बॅच आत आल्यावर

वीस-बावीस जणांची बॅच, चार-पाच जणांचा गट. प्रत्येक गटात एक जण कनेक्शन करतो, एक जण लिहितो आणि बाकीचे मोबाइल बघतात. हे नियमाने थांबत नाही, कामाच्या वाटणीने थांबतं. दर आठवड्याला प्रत्येकाची भूमिका बदलायची: कनेक्शन, तपासणी, रीडिंग, लेखन, लोड. हजेरीच्या कागदावरच नावासमोर भूमिका लिहून टाकते. तपासणीवाल्याने आपल्या गटाचं नव्हे, शेजारच्या गटाचं कनेक्शन तपासायचं. मित्राची चूक शोधायला मुलांना फार उत्साह असतो.

कनेक्शनचा क्रम एकच शिकवा. आधी प्रवाहाचा मार्ग: सप्लायच्या एका टोकापासून निघून फ्यूज, अँमीटर, वॅटमीटरची करंट कॉइल, मशीन, आणि परत सप्लाय. तो पूर्ण झाला की मगच व्होल्टमीटर आणि वॅटमीटरची प्रेशर (व्होल्टेजची) कॉइल. तपासतानाही मी बोट ठेवून याच वाटेने जाते. डायग्राम आणि टेबल आळीपाळीने बघत बसलं की डोळा फसतो. मी किंवा सरांनी तपासून "द्या" म्हटल्याशिवाय स्विच ऑन नाही, आणि हा नियम एचओडींच्या पाहुण्यांसमोरही बदलत नाही. नवीन इनचार्जनी एवढं मात्र करावं: सहायकाने "थांबा" म्हटलं की मुलांसमोर त्याला फिरवू नये. मतभेद असेल तर नंतर केबिनमध्ये.

कपड्यांची बाब. कॉलेज आयकार्ड गळ्यात घालायची सक्ती करतं आणि आमच्या लॅबमध्ये शाफ्ट फिरत असतात. दारातच आयकार्ड खिशात, ओढणी बांधलेली, वेणी आत, पायात बूट. एका सिक्युरिटीवाल्याशी यावरून वाद झाला होता. शेवटी प्राचार्यांच्या सहीचा कागद लॅबच्या दारावर चिकटवला. पॅनेलसमोरची रबर मॅट आयएस १५६५२ या भारतीय मानकाची घ्या, बाजारातली पायपुसणी नको.

विजेचा धक्का लागल्यावर काय करायचं याचा तक्ता मराठीत असू द्या आणि तो कपाटामागे लपू देऊ नका. आधी सप्लाय बंद, मग माणसाला हात. श्वास थांबला असेल तर छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, ३० दाबांनंतर २ श्वास, आणि दुसऱ्या कुणीतरी १०८ ला फोन. आगीसाठी सीओटूचा सिलिंडर, आणि त्यावरची रिफिलची तारीख तुमच्या कॅलेंडरवर.

ब्रेक टेस्टला ड्रमच्या आत पाणी घालायचं विसरू नका. पट्टा घासून ड्रम तापतो, आणि पट्टा जळाल्याचा वास शेजारच्या लॅबपर्यंत जातो. पाणी ड्रममध्येच पडावं म्हणून लांब नळीचं भांडं ठेवलंय, कारण पाण्याचा मग वापरला की निम्मं पाणी जमिनीवर असतं आणि जमिनीवर केबल असतात.

रीडिंग आणि जर्नल

जर्नलमधली रीडिंग मागच्या वर्षीची आहेत की आजची, हे ओळखायची एक युक्ती आहे. दरवर्षी टेबलावरचा वॅटमीटर बदला. मल्टिप्लाइंग फॅक्टर (काट्याच्या आकड्याला ज्याने गुणायचं तो) बदलला की काट्याचे आकडे बदलतात, आणि जुनं जर्नल उतरवणाऱ्याचं गणित एफिशियन्सी १३० टक्के दाखवतं. तसं आलं तर ओरडू नका, फक्त विचारा, "वीज तुमच्याकडून घ्यायची का बोर्डाने?"

त्याहून महत्त्वाचं: रीडिंग रफ कागदावर पेनने, खाडाखोड चालेल, आणि त्याच दिवशी सही. त्या कागदावर मीटरचे डेडस्टॉक नंबरही लिहून घेते. रीडिंग विचित्र आली तर मीटर खराब आहे की मूल चुकलं, हे नंतर त्या नंबरावरून कळतं. टू-वॅटमीटर पद्धतीत (थ्री फेजची पॉवर दोन वॅटमीटरने मोजताना) एक काटा उलटा गेला की अर्धी बॅच "मीटर खराब" म्हणते. पॉवर फॅक्टर ०.५ च्या खाली असला की एक रीडिंग ऋण येतंच. करंट कॉइलची टोकं उलटी करा, रीडिंग घ्या, आणि वहीत वजा चिन्ह लावा. तिथे वजा लिहिलं की नाही, एवढं एक बघितलं तरी कोण समजून करतंय ते कळतं.

खरेदी, दुरुस्ती, पाऊस

मार्चमध्ये बजेट संपवायची घाई असते, म्हणून जानेवारीतच यादी तयार ठेवा: फ्यूज वायर, काचेचे फ्यूज, लग, केबल, कार्बन ब्रश, बनाना पिन, मल्टिमीटरच्या नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या. तीन कोटेशन लागतात, तुलनात्मक तक्ता लागतो, हे सगळ्यांना माहीत असतं. चुकतं ते वर्णन लिहिताना. "अँमीटर, १० नग" लिहिलं की सर्वात स्वस्त काहीतरी येतं. एमआय (एसी-डीसी दोन्हीला चालणारा) की पीएमएमसी (फक्त डीसीचा), रेंज, अचूकतेचा क्लास, उभा ठेवून वापरायचा की आडवा, सगळं लिहा. कार्बन ब्रशचा जुना तुकडा सोबत पाठवा, मापं लिहिली तरी ग्रेड चुकते.

फिलामेंटचे बल्ब मिळतील तेव्हा जास्तीचे घेऊन ठेवा. लॅम्प बँकेला (लोड म्हणून लावायच्या बल्बच्या पॅनेलला) एलईडी चालत नाही, आणि अल्टरनेटर सिंक्रोनाइझ करायच्या (सप्लायशी जुळवून जोडायच्या) डार्क लॅम्प पद्धतीलाही नाही. तिथे प्रत्येक दिव्यावर फेज व्होल्टेजच्या दुपटीपर्यंत येतं, म्हणून २३० व्होल्टचे दोन बल्ब सिरीजमध्ये लावायचे असतात. एकच लावला की पहिल्या झगमगाटाला उडतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर लॅब उघडते तेव्हा पाऊस सुरू झालेला असतो. महिनाभर बंद राहिलेल्या मशीनच्या वाइंडिंगमध्ये ओल असते. पहिल्या बॅचच्या आधी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) प्रत्येक वाइंडिंगचं बॉडीशी इन्सुलेशन मोजा, रजिस्टरला नोंदवा. १ मेगाओहमच्या खाली आलं तर ते मशीन चालवायचं नाही. कव्हर काढून शेजारी १०० वॅटचे फिलामेंट बल्ब रात्रभर लावून ठेवले की बहुतेक मशीनं सुकतात (तेव्हाही तेच बल्ब कामी येतात). कम्युटेटर (कार्बन ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा भाग) काळवंडला असेल तर बारीक सॅंडपेपरने हलकेच, एमरी पेपरने नाही. त्याचे कण वीजवाहक असतात, खाचांमध्ये अडकतात आणि सेगमेंट शॉर्ट करतात. अर्थिंगच्या पिटांचा रेझिस्टन्स पाऊस येण्याआधी, कोरड्या जमिनीत मोजा. ओल्या जमिनीत सगळंच चांगलं येतं.

एनबीए, नॅक (कॉलेजांना मान्यता-दर्जा देणाऱ्या संस्था) किंवा विद्यापीठाची समिती येणार असली की सगळे रात्री थांबून रजिस्टरं भरतात. माझ्या रजिस्टरमध्ये ब्रेकेज, दुरुस्ती, मेगर, आरसीसीबी टेस्ट यांच्या नोंदी घडतील तशा होतात, वेगवेगळ्या पेनांनी आणि मामांच्या अक्षरातही. समितीतल्या माणसाला ते बघूनच खरं वाटतं.

प्रॅक्टिकल परीक्षा

एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) येण्याच्या आदल्या दिवशी सगळी टेबलं मोकळी करा, एकही जोडलेली केबल राहू देऊ नका. प्रत्येक प्रयोगाचं एक राखीव मीटर आणि दोन राखीव फ्यूज टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. चिठ्ठी निघाल्यावर घाबरलेलं मूल आधी केबल उचलतं; त्याला पाच मिनिटं डायग्राम काढायला लावा, मगच कपाटाकडे जाऊ द्या. एक्स्टर्नल घाई करत असतील तर चहा पुढे सरकवा. फ्यूज उडाला तर मुलाला स्वतः बदलू द्या, आणि का उडाला हे विचारायचं काम एक्स्टर्नलवर सोडा. संध्याकाळी मार्कांची यादी सीलबंद होईपर्यंत मामांना मीटर मोजायला बसवा. परीक्षेच्या दिवशी हरवलेली वस्तू पुढच्या टर्मला सापडत नाही.